मागच्या ब्रेकची खांदशेकणी

मौजे सावरखेडा, मंडल बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद
पोळ्यानंतरचा तिसरा दिवस

आदरणीय लखनराव भाऊजी यांस,

धाकटा मेहुणा देवानंद याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात साबणाने तीनदा धुतले आहेत, तरी कागदावर कुठे पिवळा डाग दिसल्यास तो हळदीचा समजावा. त्याची हकीकत पुढे येईल.) आपली, रूपालीताईची आणि दोन्ही लेकरांची तब्येत ठणठणीत असावी. आपल्या गुडघ्याला आराम पडला असावा. कवड्या आणि हिऱ्या कसे आहेत हे मी विचारत नाही, कारण ते विचारण्याचा हक्क या घरात फक्त बाबांचा आहे आणि त्यांनी तो अद्याप कुणाच्या नावे केलेला नाही. इकडे आई बरी आहे, आमची सौ. भाग्यलक्ष्मी बरी आहे, कपाशीला पाते लागले आहे, आणि गाडीची तब्येत मध्यम आहे.

पोळ्याच्या दिवशी आपण पुरणपोळ्या झाकून, बैल धुऊन, शिंगे रंगवून चार वाजेपर्यंत आमची वाट पाहिलीत. बाबांच्या हातून झूल घालायची म्हणून आपण बैल तसेच उघडे उभे ठेवलेत, हेही ताईने फोनवर सांगितले, आणि मी 'गाडी नादुरुस्त' एवढे दोनच शब्द बोलून फोन ठेवला. आपल्याला राग येणे साहजिक आहे. सविस्तर फोनवरच सांगायला हवे होते, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर टाकून खाटेच्या मधोमध ठेवण्याची रीत आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते बाबांच्या कानावर जाता कामा नये. शिवाय बाबांचा फोनवर विश्वास नाही. फोनवर माणूस काहीही बोलतो, लिहून दिले की कागद राहतो, असे ते म्हणतात. म्हणूनच बैलांची खुशाली ते आपल्याकडून दर महिन्याला पोस्टकार्डावर मागवतात. मी तहसील कचेरीत बारा वर्षे कागदच हलवतो आहे, त्यामुळे या एका बाबतीत आम्हा बापलेकांचे मत जुळते.

आपल्याला सगळे माहीत आहे, तरी मागील संदर्भ दिल्याशिवाय मला पुढचे लिहिता येत नाही, ही कचेरीची खोड आहे. संदर्भ असा. होळीनंतर बाबांच्या कमरेने जवाब दिला, शेताची नांगरणी ट्रॅक्टरवर गेली, आणि कवड्या-हिऱ्याला चारापाणी करायला कुणी उरले नाही. तेव्हा दोन्ही बैल आपल्याकडे, म्हणजे घरच्याच माणसाकडे न्यावेत, असा ठराव मी मांडला. आईने अनुमोदन दिले, बाबांनी मत दिले नाही. बैल टेम्पोत चढले तेव्हा बाबा शेतात निघून गेले होते. पुढच्या महिन्यात मी ही जुनी गाडी घेतली, आणि इथे माझी अक्कल चरायला गेली, कारण ती उभी करायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी ती बैलांच्या कोठ्यात, कवड्याच्या खुंट्याला लागून उभी केली. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. अगदी बंद नव्हे. थेट व्यवहार थांबवून त्यांनी सगळे आईमार्फत सुरू केले. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर जेवत बसलेलो असताना ते आईला म्हणायचे, "त्याले सांग, मीठ इकडं सरकव." आई मला सांगायची, मी मीठ आईकडे द्यायचो, आई बाबांकडे सरकवायची. तोवर पोळी संपलेली असायची.

एकच काम थेट उरले होते. आपले कार्ड आले की ते मी मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण बारीक अक्षराला बाबांना भिंग लावून अर्धा तास लागतो. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि 'कवड्या बरा आहे' हे वाक्य दोनदा वाचायला लावायचे. (दुसऱ्यांदा वाच, हेही आईमार्फत.) पाच महिने मी या घरात बापाजवळ बसायला मिळावे म्हणून आपल्या कार्डाची वाट पाहिली आहे, भाऊजी. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आणि गाडीत ते बसत नव्हते. आदिलाबादला दवाखान्यात जायचे तर मी गाडी घेऊन दारात उभा, आणि बाबा काठी टेकत बसथांब्याकडे. मी रिकामी गाडी घेऊन बसच्या मागोमाग आदिलाबादपर्यंत जायचो, आणि त्यांना उतरताना पाहून परत यायचो. (कंडक्टरला ही गोष्ट माहीत झाली होती. तो मागच्या काचेतून मला हात करायचा.) अशा परिस्थितीत पोळ्याच्या चार दिवस आधी बाबा जेवता जेवता आईला म्हणाले, "त्याले सांग, पोळ्याले रूपालीकडं जाऊ. बैल पाहून येऊ. गाडीतच जाऊ." आईच्या हातातली पळी तशीच राहिली. आईने मला ते सांगितलेच नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली, कारण मी ऐकले होते हे तिला दिसत होते.

आता विषय ब्रेकचा. त्याच आठवड्यात गाडीची मागची चाके ओरडायला लागली होती. ब्रेक दाबला की जात्यात खडा सापडावा तसा आवाज. दादाजी मिस्त्रीला फोन केला, तर त्याने फोनवरच आवाज ऐकून निकाल दिला, की मागचे पॅड संपून लोखंडाला लोखंड घासत आहे आणि या अवस्थेत आपल्याकडे येताना लागणारा किनवटकडचा घाट उतरू नये. तुम्हीच दुरुस्त करून द्या म्हटले, तर तो पोळ्यासाठी सासुरवाडीला चालला होता आणि पोळ्यानंतरच परतणार होता. (आपण ट्रॅक्टरवाले, आपल्याला पॅड म्हणजे काय हे सांगणे म्हणजे आगाऊपणा, पण ताईही पत्र वाचेल म्हणून लिहितो: चाकाच्या आत लोखंडी थाळीसारखी डिस्क असते, ती चाकाबरोबर फिरते, आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांनी तिला दोन्हीकडून धरतो. धरले की गाडी थांबते. बस, एवढेच आहे. पुढे जे झाले ते या एवढ्याशा गोष्टीतच झाले.) कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत मी आदिलाबादहून पॅडचा जोड आणवला आणि ठरवले, की हे काम आपण घरीच करायचे. बाबा पाच महिन्यांनी गाडीत बसणार, तेव्हा त्या गाडीचे ब्रेक मी माझ्या हाताने बसवलेले असावेत, असे मला वाटले. हे असे वाटणे हाच सगळ्या प्रकरणातला मूळ दोष आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारी कामाला लागलो. गाडी अंगणात घेतली, तोंड कोठ्याकडे. अंगणाला कोठ्याकडे थोडा उतार आहे हे आपल्याला माहीत आहेच, तो मुद्दा पुढे लागेल. फोनवर एक व्हिडिओ लावला. नऊ मिनिटांचा होता, सहा मिनिटे झाल्यावर नेटवर्क गेले. उरलेल्या तीन मिनिटांत तो मनुष्य निरोप घेत असणार, असे मी गृहीत धरले. जॅक लावून मागची बाजू उचलली आणि जॅक सरकू नये म्हणून खाली जुन्या बैलबंडीचा आख टेकवला. (बाबा ओसरीत खाटेवर बसून पाहत होते. बंडीचा आख गाडीखाली गेलेला पाहून ते भिंतीकडे तोंड करून निजले.) चाके काढली. आणि सावधगिरीचा उपाय म्हणून, गाडी जागची हलू नये म्हणून, मी सर्वांत आधी हँडब्रेक ओढून ठेवला होता, चांगला दोन्ही हातांनी.

यानंतर दीड तास मी त्या कॅलिपरला डिस्कवरून काढत होतो. पाना लावला, पहार लावली, पाय लावून ओढले. भाग्यलक्ष्मीने पाठीमागून मला धरून ओढले. कॅलिपर तसूभर हलला नाही. मी घामाने भिजून खाली बसलो, तेव्हा भिंतीकडे तोंड केलेल्या बाबांचा आवाज आला, आईला उद्देशून, पण मला ऐकू येईल इतका मोठा, "जू मानेवर ठिवून बैलाचा खांदा शेकते का कोनी? इचार त्याले." आईने विचारायच्या आत मला उमगले. मागच्या चाकांचा हँडब्रेक हाच त्या चिमट्याला आवळून धरत होता. मी एका हाताने जे घट्ट धरले होते तेच दुसऱ्या हाताने सोडवत होतो. गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक खाली केला आणि कॅलिपर मुकाट्याने हातात आला. बाबांना गाडीतले काही कळत नाही असे मी पाच महिने समजत होतो, ते माझ्या मनातून त्याच क्षणी वजा केले.

दुसरी अडचण पिस्टनची. नवे पॅड जाड, म्हणून त्यांना आतून रेटणारा पिस्टन मागे ढकलायला हवा, आणि तो माझ्या सगळ्या वजनाखालीही मागे जाईना. व्हिडिओतल्या माणसाचा तर अंगठ्याने गेला होता. (तो पुढच्या चाकांचा व्हिडिओ होता, हे मला नंतर समजले. मागचे ब्रेक निराळे असतात.) तेव्हा भाग्यलक्ष्मीने वाकून पाहिले आणि त्यावरच्या दोन खाचांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या खाचा कायले देल्ल्या असतील? हे बरनीचं झाकन हाय, दाबून जात नाई, फिरवून जाते." आणि कोन्यात पडलेली पक्कड घेऊन तिने ते फिरवत फिरवत आत घातले. मी तिला म्हटले, की माझ्याही मनात तेच होते. तिने माझ्या हातातून पहार घेतली आणि जागेवर नेऊन ठेवली, यावरून तिचे मत मला समजले.

सूर्य कलला तेव्हा दोन्ही बाजूंचे नवे पॅड बसले होते. चाके लावायची तेवढी राहिली. पण ती खांदशेकणीची, म्हणजे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकायची वेळ होती. बैल नसले तरी आईने सवयीने पाणी तापवले होते, वाटीत हळद-तूप कालवले होते, पळसाची पाने आणली होती. ते सगळे ती घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि कुठे न्यावे हे तिला समजत नव्हते. माझे हात काळेकुट्ट, म्हणून मी म्हटले अंघोळ करून येतो, मग चाके लावतो. अंघोळीला मला दहा मिनिटे लागली. (साबण सापडत नव्हता, नाहीतर पाचच लागली असती आणि हे पत्र लिहावे लागले नसते.)

मी टॉवेल गुंडाळून दारात आलो आणि तिथेच थांबलो. बाबा गाडीच्या मागच्या उघड्या बाजूला उकिडवे बसले होते. कमरेचे दुखणे असलेला माणूस कसा बसला कोण जाणे. आई लोटा धरून उभी. बाबांनी कोमट पाण्यात पळसाचे पान भिजवले आणि त्या लोखंडी डिस्कवर शेक दिला, हळूहळू, कवड्याला द्यायचे तसा. मग बोट फिरवले. जुन्या पॅडांनी घासून डिस्कवर गोल चरे पडले होते. बाबांचे बोट त्या चऱ्यांवर थांबले. "किती कापलं हो याले," ते म्हणाले. "येवढं कापेपर्यंत कोनी पाह्यलं नाई." मग त्यांनी वाटीत दोन बोटे बुडवून हळद-तूप घेतले, आणि डिस्कच्या दोन्ही अंगांना, अगदी पॅडाच्या कडेपर्यंत, चोळचोळून लावले. उजवीकडे झाले, मग हात टेकत उठून डावीकडे गेले. तिकडेही तितकेच लावले, हात आखडता घेतला नाही. शेवटी गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

भाऊजी, व्हिडिओच्या पहिल्याच मिनिटाला त्या मनुष्याने सांगितले होते, की डिस्कला तेलाचे बोटसुद्धा लागता कामा नये. मला ते शब्दशः आठवत होते. पाच महिने ज्या गाडीकडे त्यांनी मान वळवून पाहिले नव्हते, तिचा खांदा ते शेकत होते, आणि ज्याचे त्यांना दुःख होते ते दुःख त्यांनी माझ्यादेखत तिच्या अंगावर पुसून टाकले होते. अशा वेळी, बाबा, तूप लावू नका, ब्रेक लागणार नाही, असे म्हणणारा मुलगा मला व्हायचे नव्हते. माझे डोळे भरून आले हे मी आपल्याला सांगतो, कारण आपणही कवड्याला पहिल्यांदा दावे बांधले तेव्हा तोंड फिरवले होते, आणि ते मी पाहिले आहे.

सकाळी लवकर उठून सगळे तूप साबणाच्या चुऱ्याने खरवडून काढायचे, असा माझा बेत होता. कुणाला कळायच्या आत चाके लावून टाकली असती. फडके घेऊन अंगणात आलो तर गाडीच्या शेजारी खाट टाकून बाबा बसलेले. पोळ्याच्या आदल्या रात्री बैलांजवळ निजायची त्यांची जुनी रीत त्यांनी मोडली नव्हती. माझ्या हातातले फडके पाहून ते थेट मला, मधे कुणालाही न घालता, म्हणाले, "काऊन रे, काय पुसून राह्यला?" पाच महिन्यांनी पहिले थेट वाक्य. मी म्हटले, काच पुसतो बाबा. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अर्धा तास सगळ्या काचा पुसल्या. मग तुपासकट चाके बसवली. बाबांनी दोन्ही आरशांना बाशिंगे बांधली, बोनेटवर कवड्याची जुनी झूल टाकली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले, चपला हातात घेऊन. चपला खाली ठेवा म्हटले तर म्हणाले, आत स्वच्छ हाय.

पुढची हकीकत थोडक्यात लिहितो. आख काढला, जॅक काढला, गाडी सुरू केली. मागे घेऊन फाटकाबाहेर काढायची होती. क्लच दाबलेला होता, आणि रिव्हर्स पडायच्या आत गाडी उताराने पुढे निघाली. ब्रेक दाबला, पेडल निमूटपणे तळाला गेले. हँडब्रेक ओढला, तो आकाशापर्यंत वर आला आणि गाडीला काही सांगेना. भाग्यलक्ष्मी आरतीचे ताट घेऊन कडेला उभी होती, तिच्यासमोरून आम्ही वरातीच्या चालीने गेलो. तिने सवयीने आरती ओवाळली. गाडी कोठ्यात शिरली आणि तिने सरळ गव्हाणीत तोंड घातले. त्या गव्हाणीत आईने, बैल नसले तरी रिकामी नको म्हणून, हिरवी वैरण आणि दोन पुरणपोळ्या ठेवल्या होत्या. डावा दिवा फुटला, बंपर चेपला, गव्हाणीची एक फळी गेली. माणसांना खरचटलेसुद्धा नाही. मग बाबांनी काचेतून वैरणीकडे पाहिले, पुरणपोळीकडे पाहिले आणि म्हणाले, "आवतन देल्लं व्हतं. जेवाले गेली." आणि हसले. मी त्यांना होळीपासून हसताना पाहिले नव्हते. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला, आणि तो त्यांनी झटकला नाही. खाली उतरून ते एवढेच म्हणाले, की नवे जनावर आहे, बुजले, आज राहू दे.

तपासणीअंती माझे मत असे, की हे सर्व तुपाने घडले. हँडब्रेक तर उघडच तुपावरून घसरला, आणि इंजिनाच्या उबेने तेच तूप पातळ होऊन कुठून तरी पेडलाच्या नळीपर्यंत गेले असावे. परंतु गावात मी सांगितले, की पॅड मी उलटे बसवले, चूक माझी. तेव्हापासून माझी सोय राहिलेली नाही. कचेरीत गिरदावर साहेबांनी कडबा परवडतो का असे विचारले. पारावर मला 'गव्हाणवाला' म्हणतात. पोळ्याला आलेले पाहुणे जाता जाता कोठ्यात डोकावून गव्हाणीतली गाडी पाहून जातात. मी सगळे ऐकून घेतो. ज्या हाताने बाबांनी पाच महिन्यांची अढी सोडली, त्याच हाताने ब्रेक बिघडला, हे त्यांना आयुष्यात कळू नये, एवढीच माझी इच्छा आहे. एकदा का कळले, तर ते पुन्हा बसने जातील. आपण आणि ताईने हे पोटात ठेवावे. बाकी माझे आपल्याकडे काहीही मागणे नाही.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. गव्हाणीची फळी मी स्वतः बसवली आहे, ती सध्या उभी आहे.

आपला आज्ञाधारक,
देवानंद

ता. क. मागणे नाही असे वर लिहिले आहे, ते दुरुस्त करून वाचावे. येत्या रविवारी आपण मागच्या पॅडचा नवा जोड आणि आपले पाने घेऊन यावे. तुपाने भिजलेले पॅड धुऊन चालत नाहीत म्हणतात. दादाजी मिस्त्री परत आला आहे, पण त्याने चाक उघडले की हळद-तूप पाहून तो भर बाजारात ओरडून सांगेल, म्हणून त्याला बोलावता येत नाही. पाने पिशवीत तळाला घालून वर करंज्या ठेवाव्यात. बाबांना सांगावे, की सहज भेटायला आलो. मी त्यांना तासभर शेतात घेऊन जाईन, तेवढ्यात आपण काम उरकावे. अडल्यास भाग्यलक्ष्मीला विचारावे.

ता. क. दुसरे. हे लिहून झाल्यावर नेटवर्क आले, म्हणून त्या व्हिडिओची उरलेली तीन मिनिटे पाहिली. तो मनुष्य निरोप घेत नव्हता. पॅड बदलल्यावर पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून गाडी जागची हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा दाबावे, नाहीतर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, असे तो हात जोडून सांगत होता. मी एकदाही दाबले नव्हते. सबब पेडल तळाला गेले ते माझ्यामुळे. हँडब्रेकचा दोष तेवढा तुपाचा, पण पेडल लागले असते तर हँडब्रेकची वेळच आली नसती. म्हणजे चूक माझी, असे जे मी मोठ्या मनाने गावभर सांगत होतो, ते खरेच निघाले. माझ्या त्यागाबद्दल वर जे काही लिहिले आहे ते कृपया रद्द समजावे.

ता. क. तिसरे. हे पाकीट बाबांच्या हाती पोस्टात टाकायला देत आहे, ते हल्ली रोज त्या बाजूला फिरायला जातात. काळजी नसावी, पाकीट डिंकाने पक्के चिकटवले आहे.

*

लखनराव जवाई यास भगवानरावचा रामराम. पाकीट चिकटलं नाई. देवानंदच्या हाताले तूप लागेल असन. मनून वाचलं. भिंग लावून वाचाले दोन दिवस लागले, मनून पत्र उशिरा यीन.

थो पेडलचं काय लिवते थे मले समजत नाई. गाडी तुपानंच सरकली, तूप मी लावलं. मी लोकाचे बैल कधी बिघडवले नाई, पन पोराची गाडी बिघडवली. गावात याले हसून राह्यले तवा मी पारावर बसून गप आयकलं, थे चुकलं. काल पारावर सांगून टाकलं. दोघंतिघं हसले. हसू द्या.

तुमी ऐतवारी या, नाई जमलं तर फुडच्या ऐतवारी या. पाने उघडे आना, करंज्या वेगळ्या आना. दादाजीलेबी मी बलावलं हाय. मले शेतात नेऊ नका, मले पाह्याचं हाय.

कवड्याचा डावा खांदा शेकला व्हता का? तिथं जुनी गाठ हाय, पाणी कोमटच पाह्यजे. बैल तुमच्याकडं देल्ले थे बरंच झालं. माह्यानं आता व्हत नव्हतं. हे मले देवानंदले तोंडानं म्हनता येत नाई. तुमी असं करा, कार्डावर लिवा, का मामाजी असं म्हनत व्हते. कार्ड आलं का थोच मले वाचून दाखवते. मी दोनदा वाचाले लावीन.